गळती कोणी ठेवली?

क्ले एंटरटेनमेंट या व्हँकुव्हरच्या कंपनीचा ‘ऑक्सिजन नॉट इन्क्लुडेड’ हा व्हिडिओ गेम ३० जुलै २०१९ रोजी पूर्ण स्वरूपात बाजारात आला. एका लघुग्रहाच्या पोटात तीन माणसांनिशी वसाहत सुरू होते. या माणसांना खेळात डुप्लिकंट म्हणतात. हवा, अन्न, पाणी, वीज, सगळे खडक फोडून तिथल्या तिथे उभे करायचे. विजेची पहिली सोय म्हणजे एक मोठे चाक. डुप्लिकंट त्यात धावत राहतो आणि ४०० वॉट वीज निघते. धावणारा जेवायला गेला की दिवे आणि पंप बंद पडू नयेत म्हणून बॅटरी बसवायची. बॅटरीच्या माहितीत एक ओळ असते, नवखा खेळाडू ती बहुधा वाचतही नाही: ही बॅटरी दर फेऱ्याला अमुक इतकी ऊर्जा गमावते. फेरा म्हणजे तिथला दिवस, ६०० सेकंदांचा. छोटी बॅटरी १० किलोज्यूल साठवते आणि फेऱ्याला १ गमावते. जम्बो बॅटरी ४० साठवते, २ गमावते. स्मार्ट बॅटरी २० साठवते आणि जेमतेम ०.४ गमावते. काठोकाठ भरून नुसत्या ठेवून दिल्या तर छोटी दहा फेऱ्यांत रिकामी होते, जम्बो वीस फेरे तग धरते, स्मार्ट पन्नास. चाकावर गाळलेला घाम कुणाच्याही कामी न येता संपतो.

हे जग माणसांनी बनवलेले आहे. त्यात गळती नसती तरी अडत नव्हते. एका आकड्याच्या जागी शून्य लिहिले की काम झाले असते. तरीही कुणीतरी बसून ठरवले की साठवलेले झिजले पाहिजे. म्हणूनच धर्मचिंतनातला एक जुना प्रश्न इथे नेहमीपेक्षा स्वच्छ विचारता येतो. साठवलेल्याचा क्षय हा केवळ जगाचा स्वभाव आहे, की कर्त्याने माणसाला शहाणे करण्यासाठी तो मुद्दाम योजला आहे? प्रवचनात आणि दहाव्याच्या घाटावर उत्तर ठरलेले असते. धान्याला कीड लागते, लोखंडाला गंज चढतो, देह जातो, ते तुम्ही साठवण्याच्या नादी लागू नये म्हणून. या उत्तराला वरवर पाहता हा खेळ भक्कम आधार देतो: बघा, एक कर्ता आहे, एक जग आहे, आणि त्या कर्त्याने गळती खरोखरच हेतूने ठेवली आहे. माझे म्हणणे असे की खेळ जरा जवळून पाहिला तर तो या उत्तराच्या मुळावरच येतो. हेतूने ठेवलेली गळती कशी दिसते हे तो दाखवतो, आणि आपल्या जगातली गळती तशी दिसत नाही.

खऱ्या बॅटरीलाही गळती असतेच. इन्व्हर्टरची शिसे-आम्लाची बॅटरी नुसती पडून राहिली तरी उतरते, फोनची लिथियम-आयन बॅटरी फार सावकाश, पण तीही उतरते. त्याचे कारण रसायनशास्त्र सांगते. आत नको असलेल्या बारीकसारीक अभिक्रिया चालूच राहतात, उष्णता वाढली की त्यांना जोर येतो, आणि बॅटरी पूर्ण भरलेली असताना गळतीचा वेग सहसा जास्त असतो. खेळातल्या गळतीला यातले काही लागू नाही. खोली गोठलेली असो की तापलेली, दर तोच. (फार तापली तर बॅटरी बिघडते, ती गोष्ट वेगळी.) बॅटरी भरलेली असो की तळाला थोडे उरलेले असो, दर तोच. दहा जम्बो बॅटऱ्यांत वीज थोडीथोडी पसरून ठेवली तर फेऱ्याला २० किलोज्यूल जातात. तेवढीच वीज एका बॅटरीत मावली असती तर २ गेले असते. म्हणजे पट्टी भांड्यावर बसवलेली आहे, आतल्या मालावर नाही, आणि ठार रिकाम्या भांड्याला माफी आहे. मग गेलेली वीज जाते कुठे? कुठेच नाही. बॅटरी उष्णता सोडते हे खरे. छोट्या बॅटरीतून सेकंदाला १.२५ किलो-डीटीयू उष्णता बाहेर पडते. डीटीयू हे त्या जगातले उष्णतेचे एकक, पण पाण्याची विशिष्ट उष्णता तिथे ४.१७९ धरली आहे, म्हणजे ज्यूललाच ठेवलेले दुसरे नाव. गळती सेकंदाला पावणेदोन ज्यूलही नाही, आणि उष्णता मात्र साडेबाराशे. गेलेल्या विजेची उष्णता झाली असे म्हणायला जागाच नाही. हा हिशेब जुळवण्याच्या भानगडीत कर्ते पडलेले दिसत नाहीत.

त्याच जगात अन्नही नासते, आणि दोन्हींतला फरक बघण्यासारखा आहे. उघड्यावर ठेवलेले अन्न शिळे होते, फ्रीजमध्ये ते जास्त टिकते, आणि उणे १८ अंशांखाली, कार्बन डायऑक्साइडच्या थरात ठेवले तर नासतच नाही. नासले की त्याचा कुजका ढीग होतो, तो कंपोस्टमध्ये टाकला की माती मिळते. इथे क्षयाला कारण आहे, ते कारण काढून घेतले की क्षय थांबतो, आणि क्षय झालेल्याचे दुसरे काहीतरी होते. बॅटरीच्या गळतीला कारण नाही, उपाय नाही, अवशेष नाही. कर्त्यांचे हात भौतिकशास्त्राने बांधलेले होते असेही म्हणता येत नाही, कारण याच खेळात ‘अँटी एन्ट्रॉपी थर्मो-नलिफायर’ नावाचे एक यंत्र आहे. त्याला हायड्रोजन पाजला की ते आसपासची उष्णता चक्क पुसून टाकते. ज्याने उष्णता नाहीशी करायची सोय केली, त्याला न गळणारी बॅटरी करता आली नसती असे कोण म्हणेल?

‘का’ या प्रश्नाला दोन अंगे असतात: कशामुळे आणि कशासाठी. बॅटरीच्या गळतीला ‘कशामुळे’ विचारले तर त्या जगात उत्तर नाही, आणि ‘कशासाठी’ विचारले तर उत्तर त्या जगाबाहेर आहे. भारतीय दर्शनांत या दोन प्रश्नांवरून शतकानुशतके वाद झाला. नैयायिकांचे म्हणणे असे की घट जसा कुंभाराच्या कृतीने उत्पन्न होतो तसा तो दंडाच्या आघाताने नष्ट होतो. नाश हेही कार्यच, आणि कार्याला कारण लागते. बौद्ध आचार्य वसुबंधूंनी ‘अभिधर्मकोशभाष्या’त याच्या अगदी उलट बाजू मांडली. अभाव ही काही घडवायची वस्तू नाही, तेव्हा त्याला कारण कसले? जे उत्पन्न होते ते आपोआप, क्षणात नष्ट होते. वाऱ्याने ज्योत विझते, हात लावल्याने घंटेचा नाद थांबतो असे आपण म्हणतो, पण वारा आणि हात फक्त पुढची ज्योत, पुढचा नाद उपजू देत नाहीत. जे विझले ते स्वतःच विझणार होते. बॅटरीची गळती या दुसऱ्या मतात चपखल बसते असे प्रथमदर्शनी वाटते. उलट दहाव्या शतकातल्या उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’त ईश्वर सिद्ध करताना जगाच्या उत्पत्तीबरोबर त्याचे धारण आणि संहार हेही प्रमाण म्हणून पुढे केले. जग मोडायलाही जाणत्याचा प्रयत्न लागतो, असा त्यांचा रोख. गळती कोणी ठेवली या प्रश्नाला उदयनाचार्यांचे उत्तर तयार आहे: ज्याने टाकी बांधली त्यानेच.

मग बॅटरीला वसुबंधू लागू करायचे की उदयन? इथे एक आक्षेप आधीच निकालात काढला पाहिजे. ‘जगात कारण सापडत नाही, म्हणून बाहेरच्या कुणाचा हेतू असणार’ हे अनुमान कच्चे आहे, कारण वसुबंधूंच्या जगात नाशाला कारणही नाही आणि हेतूही नाही. आक्षेप बरोबर आहे. कारणाचा अभाव ही एकटीच हेतूची खूण होऊ शकत नाही. पण वसुबंधूंचा नाश सर्वांना सारखा आहे. त्यात राजा-रंक नाही, सोने-लाकूड नाही, कुणालाही सूट नाही. खेळातली गळती तशी नाही. ती निवडक आहे आणि तिला पायऱ्या आहेत. साठ्याच्या प्रमाणात पाहिले तर छोट्या बॅटरीला फेऱ्याला १० टक्के, जम्बोला ५ आणि स्मार्टला २. आणि स्मार्ट बॅटरी मिळवायला संशोधन करावे लागते, साध्या खनिजाऐवजी शुद्ध केलेला धातू घालावा लागतो. जो पुढे शिकेल त्याची गळती कमी. शिवाय हा दर बांधकामाआधीच वाचायला मिळतो. आतून कारण नाही, तरी निवड आहे, श्रेणी आहे आणि पूर्वसूचना आहे: इतके एकत्र सापडले की मग मात्र हे कुणीतरी ठरवले आहे असे म्हणायला हरकत नाही. या बाबतीत मी उदयनाचार्यांच्या बाजूने आहे, पण त्यांच्या प्रमाणाची हीच कसोटी आपल्या जगाला लावली तर ते प्रमाण हातात राहत नाही.

हे बाहेरून लादलेले निकष नाहीत. धर्मग्रंथांनीही हेतूची गळती सांगायची झाली की ती अशीच सांगितली आहे. बायबलमधल्या निर्गमाच्या सोळाव्या अध्यायात इस्राएली लोकांना रानात मान्ना मिळतो. रोज लागेल तेवढाच वेचायचा, सकाळपर्यंत काही ठेवायचे नाही, असे मोशे आधी बजावतो. काहींनी ठेवला, त्यात किडे पडले आणि तो घाण मारू लागला. आता पुढचा तपशील पाहा. सहाव्या दिवशी दुप्पट वेचायला सांगितले, आणि तो साठा शब्बाथाच्या दिवशी नासला नाही. पुढच्या पिढ्यांना दाखवण्यासाठी एका भांड्यात भरून ठेवलेला मान्नाही जपून ठेवण्यासाठीच होता. पदार्थ एकच, हवा तीच, रान तेच. मंगळवारी किडतो आणि शनिवारी किडत नाही. रसायनाशी त्याचे काही नाते नाही, नाते आहे ते आज्ञेशी. कथाकाराला चांगले ठाऊक होते की साध्या धान्याचे नासणे हा धडा होऊ शकत नाही, कारण साधे धान्य आज्ञा पाळणाऱ्याचेही नासते. धडा उभा करायचा तर नासण्याला वार कळायला हवा. मान्नाची कथा चमत्कार म्हणून सांगितली जाते ती एवढ्याचसाठी. आणि चमत्कार लागला, याचाच अर्थ एरवीचे कुजणे कथाकाराच्या मते हेतू दाखवत नव्हते.

आपल्या जगातल्या क्षयाला वार कळत नाही. त्याला पात्रताही कळत नाही. ज्याने पुढच्या हंगामाचे बी म्हणून चार पायली जपून ठेवली त्याच्या धान्याला टोका लागतो, आणि ज्याने भाव चढायची वाट पाहत सोने दाबून ठेवले त्याचे सोने तसेच्या तसे राहते. साठवण्याची हाव मोडायची एवढाच क्षयाचा हेतू असेल तर निसर्गाने नेम फारच चुकीचा धरला म्हणायचा. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक यांनी १६८९ साली हा मुद्दा राजकारणाच्या अंगाने मांडला होता. नासण्याआधी जेवढे वापरता येईल तेवढेच आपले, त्यापलीकडचे दुसऱ्याच्या वाट्याचे, ही मालकीची मूळ मर्यादा. पण माणसांनी न नासणारे सोनेचांदी आणि पैसा स्वीकारला आणि ती मर्यादा निरर्थक झाली. लॉक यांना त्यात फारशी तक्रार नव्हती, इतरांना होती, आणि त्यांनी काय केले हे जास्त बोलके आहे: त्यांनी पैशाला गळती बसवली. सिल्व्हिओ गेझेल हा जर्मन व्यापारी; ब्युनोस आयर्समध्ये धंदा करताना मंदीचे हाल पाहिलेला. बटाटे कुजतात, लोखंड गंजते, मग पैशानेच का टिकावे, असा त्याचा सवाल होता, आणि १९१६ च्या त्याच्या ग्रंथात ठराविक काळाने किंमत उतरणाऱ्या चलनाची योजना आहे. ऑस्ट्रियातल्या व्योर्गल या छोट्या गावाने १९३२ मध्ये ती खरोखर राबवली. गावाने काढलेल्या नोटेची किंमत महिन्याला १ टक्का उतरायची. ती टिकवायची तर नोटेवर तिकीट चिकटवायचे. लोक पैसा दाबून ठेवीनात, तो फिरू लागला, गावाची रस्त्यांची कामे झाली. पुढच्याच वर्षी ऑस्ट्रियाच्या राष्ट्रीय बँकेने तो प्रयोग बंद पाडला.

जकात ही याहून कितीतरी जुनी आणि टिकाऊ गळती. निसाब या किमान मर्यादेपेक्षा जास्त असलेले आणि एक चांद्र वर्ष हाताशी राहिलेले सोने, चांदी, रोकड, व्यापारी माल यांवर अडीच टक्के. वापरलेल्यावर नाही, पडून राहिलेल्यावर. आकडा पाहिला तर स्मार्ट बॅटरी आणि जम्बो यांच्या मधला, पण हा निव्वळ योगायोग, त्यातून काही काढायला जाऊ नये. महत्त्वाचे आहे ते वेगळेच. जकातीतली गळती नाहीशी होत नाही. ती कुणाकुणाला जायची हे ठरवून दिलेले आहे. मान्ना, जकात, व्योर्गलची नोट आणि त्या खेळातली बॅटरी या चारही ठिकाणी गळती हा कायदा आहे, आणि चारही ठिकाणी कायद्याच्या खुणा आहेत: आधी जाहीर केलेला दर, ठरलेली सूट, ठरलेली मुदत. गंजाला यातले काही नाही. म्हणून बॅटरीची जागा मला जकातीच्या रांगेत दिसते. गंजाचे उदाहरण देऊन अपरिग्रह शिकवणारा प्रवचनकार वस्तुस्थितीच्या नावाखाली कायदा सांगत असतो, आणि तो कायदा कोणी, कुणासाठी केला हे सांगायचे टाळतो.

ईश्वरवादी याला सहजासहजी मान तुकवणार नाही. तो म्हणेल, ईश्वर दर फेऱ्याला आकडा वजा करत बसत नाही. त्याने नियम केले आणि ते नियम काम करतात. रासायनिक अभिक्रिया, उष्णतेचे वाहून जाणे, एन्ट्रॉपीचे वाढणे, हीच त्याची लेखणी. कारण सापडले म्हणून हेतू नाही असे कसे ठरते? तसे ठरत नाही, हे मान्य. पण मग हेतू असल्याचा पुरावा म्हणूनही क्षय वापरता येत नाही. हेतू आधी श्रद्धेने मानायचा आणि मग तो गंजात वाचायचा, याला कुणाची ना नाही. गंजावरून हेतूकडे जाणारा रस्ता मात्र बंद झाला. शिवाय नियमांतून साधलेला हेतू नियमांच्या परिणामांवरूनच ओळखावा लागेल, आणि परिणाम असे की बियाणे कुजते आणि सोने टिकते. सातव्या शतकातल्या कुमारिलभट्टांनी ‘श्लोकवार्तिका’त सृष्टी आणि प्रलय दोन्ही नाकारताना हाच फास आवळला होता. कर्त्याला सृष्टी करायचा हेतू कोणता, आणि करुणा म्हणावी तर हे दुःखाने भरलेले जग कसे? वेदाला प्रमाण मानणारा, यज्ञावर श्रद्धा असलेला मीमांसक हे विचारतो, ही गोष्ट आपण फार पटकन विसरतो.

दुसरा आक्षेप खेळणाऱ्यांकडून येईल, आणि तो मला जास्त गंभीर वाटतो. ते म्हणतील, एवढ्याशा गळतीवर एवढा डोलारा कशाला? दहा जम्बो बॅटऱ्यांची गळती भरून काढायला चाकावर फेऱ्यातून पन्नास सेकंद धावले की झाले. खरा अपव्यय दुसरीकडे होतो. कोळशाचा जनरेटर ६०० वॉट देतो, आणि बॅटऱ्या भरल्या तरी तो कोळसा जाळतच राहतो; त्याला थांबायचे कळत नाही. अनुभवी खेळाडू स्मार्ट बॅटरी घेतो ती तिची गळती कमी म्हणून नाही. तिच्यावर दोन मर्यादा लावता येतात: साठा अमुक टक्क्यांवर आला की जनरेटर सुरू, तमुक टक्क्यांवर गेला की बंद. स्वयंचलित तारेने हा संदेश जनरेटरपर्यंत पोचतो आणि जाळणे थांबते. वसाहती वाचतात त्या या तारेमुळे. आक्षेप खरा आहे, आणि तो माझ्या बाजूने जातो. गळती हा धडा मानला तरी तो इतका मऊ आहे की त्याने कुणी साठवणे सोडले नाही. साठ्याला वरची मर्यादा बसली ती माणसाने आपल्या हाताने ठरवली म्हणून. जैन श्रावकाचे परिग्रह-परिमाण व्रत याच जातीचे आहे. शेत, घर, सोने, धान्य, गुरेढोरे यांची मर्यादा आधीच ठरवायची आणि तिथवर पोचल्यावर थांबायचे. ही मर्यादा धान्य किडते म्हणून घातलेली नाही; सोन्यालाही ती तशीच लागू आहे. अपरिग्रहाला स्वतःच्या पायांवर उभे करणारी परंपरा आपल्याकडे असताना त्याला गंजाच्या कुबड्या द्यायची काहीच गरज नव्हती.

राहिला सर्वांत अवघड भाग. समजा, कायद्याने बसवलेली गळती असू शकते. पण ती न्याय्य असते का? चाकावर धावलेल्या डुप्लिकंटच्या श्रमाचे फळ कुणाच्याही उपयोगी न पडता नाहीसे होते. याला आपल्या शास्त्रांत दोषाचे नावच आहे: कृतहानी. केलेल्याचे फळ न मिळणे, आणि त्याचा जोडीदार अकृताभ्यागम, न केलेल्याचे फळ गळ्यात पडणे. कोणतीही व्यवस्था या दोहोंपैकी एकात सापडली की ती टाकाऊ, असे मानून कर्मसिद्धांत रचला गेला. म्हणून संचित कर्माला गळती नाही. जन्मामागून जन्म ते पडून राहील, पण भोगल्यावाचून आपोआप झिजणार नाही. स्वर्गातले पुण्य संपते तेही उपभोगाने संपते, ठेवल्या जागी उडून जात नाही. ज्या परंपरेने देहापासून ब्रह्मांडापर्यंत सगळे नाशवंत ठरवले, तिने नीतीची खातेवही मात्र गळतीपासून कटाक्षाने वाचवली. सर्व काही क्षणिक म्हणणाऱ्या बौद्धांनाही ही अडचण आलीच. ‘मूलमध्यमककारिके’च्या सतराव्या प्रकरणात नागार्जुन एका पक्षाचे मत देतात: कर्म हे कर्जासारखे, आणि त्याचा ‘अविप्रणाश’ हा कर्जरोख्यासारखा. पैसे खर्च होऊन गेले तरी कागद राहतो. नागार्जुनांना स्वतःला हे मत टिकणारे वाटत नव्हते, पण सगळे अनित्य मानणाऱ्यालाही न गळणारा कागद शोधावासा वाटला हे लक्षात घेण्यासारखे आहे.

खेळातल्या गळतीवर मी कृतहानीचा ठपका ठेवत नाही, कारण दर आधी सांगितलेला आहे, तो सर्व खेळाडूंना एकच आहे, आणि तो कमी करायची वाट उघडी आहे. मान्ना आणि जकात याच कारणाने त्या ठपक्यातून सुटतात. न सांगता, कुणालाही न जुमानता होणाऱ्या गळतीला मात्र हा बचाव नाही, आणि ती ईश्वराच्या नावावर टाकायची तर कृतहानीचा दोष त्याच्या माथी मारावा लागतो. उलट बाजूने, अजिबात न गळणारा कागद हाही न्यायच असतो असे नाही. पुणे जिल्ह्यातल्या सुपे इथे १८७५ च्या मे महिन्यात शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे हिसकावून जाळले आणि ते लोण दख्खनभर पसरले, तेव्हा त्यांचा रोख त्या कागदावर होता. पीक गेले, बैल गेले, धान्य संपले, पण कागद वाढत होता. धर्मशास्त्रात दामदुपटीचा नियम होताच, एका वेळी व्याज मुद्दलापेक्षा जास्त वसूल करता येत नाही. १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने कोर्टांना रोख्याच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासायची मुभा दिली. अविप्रणाशाला इथे माणसांनी वरून मर्यादा घातली, आणि ती घालताना कागद आपोआप विरेल याची वाट कुणी पाहिली नाही.

खुद्द मोक्षशास्त्रानेही ती वाट पाहिलेली नाही. ब्रह्मसूत्रांच्या चौथ्या अध्यायात आणि त्यावरच्या शांकरभाष्यात संचिताची वासलात कशी लागते हे येते. ज्ञान झाले की ते नष्ट होते, आणि ज्याचे फळ सुरू झाले आहे ते प्रारब्ध भोगूनच सरते. दोन्हीकडे क्षयाला कारण दिलेले आहे, एकीकडे ज्ञान आणि दुसरीकडे भोग. काळाच्या ओघात आपोआप कमी होत गेलेले संचित असा तिसरा प्रकार त्या चर्चेत नाही. तेव्हा साठवलेले आपोआप झिजते यात ईश्वराचा उपदेश पाहणाऱ्याला आधार हवा असेल तर तो बॅटरीच्या त्या खेळात सापडेल, मान्नाच्या कथेत सापडेल. ज्या शास्त्रांच्या नावाने तो हे सांगतो त्यांनी कारणाशिवायच्या क्षयाला नीतीच्या हिशेबात जागा दिलेली नाही.